चावीवाल्याची वीस मिनिटं

आधी वजन केलं दोघांचं.
काट्यावर चढलो तर वाटलं, मार्केट यार्डातला गुळाचा रवा मी,
आता कोणीतरी आडत्या बोली लावणार.
हौसा पंचेचाळीस किलो, म्हणून ती पुढे, पायलटशेजारी.
मी मागे, गुडघे छातीशी,
शेजारी एक रिकामी सीट
आणि तिच्यावर ओकायची कागदी पिशवी.

पायलट म्हणजे बागवानांची अस्मा, इचलकरंजीची,
माझ्या धाकटीच्या वयाची.
"काका, पट्टा," एवढंच म्हणाली
आणि पंगत उठल्यावर चटई ओढतात
तशी उजळाईवाडीची धावपट्टी खालून ओढून घेतली.

एकतीस वर्षं मी या गावाला पाणी सोडलं.
रात्री अडीचला कावळा नाका,
सव्वाचारला पलीकडच्या पेठा.
खांद्याएवढी उंच लोखंडी चावी,
झाकण उचलायचं, झुरळं जाऊ द्यायची,
बावीस फेरे उघडायला, बावीस मिटायला.
माझं कोल्हापूर जमिनीखाली साडेतीन फुटांवर आहे.
कुठं बिडाचा जुना पाइप, कुठं चोरून मारलेलं कनेक्शन,
कुठल्या खिडकीतून कोण बाई कुठली शिवी देते,
सगळं पाठ.
वरनं त्यातलं काहीच दिसेना.

दिसल्या त्या टाक्या.
काळ्या, पिवळ्या, मधेच एखादी निळी,
तालमीच्या कट्ट्यावरच्या रिकाम्या पोरांसारख्या
गच्चीगच्चीवर बसलेल्या.
एकीचं झाकण उडालेलं. आत ऊन, रुपयाएवढं.
ते पाणी काही मी सोडलेलं नाही,
रिटायर होऊन चार वर्षं झाली,
तरी छाती जरा फुगलीच.

पुढून हौसाचा आवाज, इंजिनावर चढवून:
"अवो, रंकाळा बगा!
देवीची शिखरं बगा की!
जोतिबाचा डोंगुर अजून गुलाबी हाय!"
नसणार. यात्रा होऊन पंधरा दिवस झाले.
पण तिला दिसला. नावातच हौस, तिला कोण अडवणार?
तिकिटाचे पैसेही तिचेच, भिशीचे.
मला सांगितलं तेव्हा पावती फाडून झाली होती.

विमान कलंडलं. पंचगंगा पंखाखाली गेली,
जलपर्णी अंगावर घेऊन, खरूज झाल्यासारखी.
काठाला म्हशी, सांडलेल्या मिऱ्या.

आणि परतताना, टेंबलाईच्या उताराला,
मला तो दिसला.

चैत्रात करपलेल्या माळावर
एक हिरवा पट्टा.
ओढा नाही, शेत नाही.
चाळीस पावलं लांब, धोतराच्या काठाएवढा रुंद,
सरळ.

तिथंच तर!
तीन वेळा खणलं होतं आम्ही,
मी, मारुती नलवडे आणि भाड्याचा जेसीबी.
साहेब म्हणाले, गळती नाहीच, मीटर खोटं बोलतंय.
मारुती लाकडी दांडकं पाइपावर टेकवायचा,
दुसऱ्या टोकाला कान.
रस्त्यावरची वाहनं थांबेपर्यंत थांबायचा.
म्हणायचा, "वाजतंय गड्या. पर कुठं, ते कळंना."
वीस हात अलीकडं खणत होतो आम्ही.
नुसते वीस हात.

काचेवर बोट ठेवलं मी.
"मारुती, हे बघ," म्हणायला मान वळवली,
शेजारी रिकामी सीट.
त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

चाकं टेकली.
अस्मानं विचारलं, "कसं वाटलं, काका?"
मी म्हटलं, "पेन आहे का?"
ओकायच्या पिशवीवर नकाशा काढला:
वडाचं झाड, विजेचा खांब, खांबापासून पूर्वेला वीस हात.
खाली मारुतीचं नाव घातलं. का, ते विचारू नका.

हौसा रिक्षात बसेपर्यंत गप्प.
मग म्हणाली, "रंकाळा बगितलासा का न्हाई?"
"बघितला की. भरलेला होता."

तिनं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि पदर सारखा करत रिक्षावाल्याला म्हणाली,
"भावा, पयलं पाणीपुरवठ्याच्या हापिसात घे.
मग घराकडं."