बुडीत खातं

धक्क्यावरचा हा पब घेतला तेव्हा
वकिलाने यादी वाचून दाखवली:
तळघर एक. पिंपं अकरा.
घड्याळ एक, दहा मिनिटं पुढे, ते तसंच ठेवायचं,
भरती कुणासाठी खोळंबत नाही.
आणि पाटी एक, मजकुरासह.

मजकूर म्हणजे लंगडा पक्षी, दोन रेघा, एक चिलीम.

पाटी लवडे ट्रेम्बाथची, शिडांच्या काळातली.
नवरा पटकीने गेला, ती गल्ल्यावर बसली.
अक्षरओळख नव्हती, गिऱ्हाइकांची चित्रं काढायची.
लंगडा पक्षी म्हणजे जोरी नान्स,
दोन पाइंट, एक चिलीम, साडेतीन पेन्स.

बुडालेले सापडले की इथेच आणत,
गावात आमच्या तळघराइतकी गार जागा नव्हती.
वर पंचनामा चाले,
खाली पिंपांशेजारी चादरीखाली खलाशी,
आणि बिअर त्याच पिंपांतली. पीत लोक. काय करतील?
सह्या झाल्या की लवडे ओलं फडकं घेई.
माणूस बुडाला, उधारी बुडाली.

म्हणून बाजाराला निघालेल्या बायका
आधी आमच्या काचेला कपाळ टेकत.
नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज आहे अजून,
एवढं दिसलं
की पुढे जाऊन मासळीचा भाव करत.

जोरीचं गलबत नोव्हेंबरात गेलं.
एक फळी आली वाहत,
तीही दुसऱ्याच जहाजाची निघाली.
दोन वर्षांनी पाद्री साडेतीन पेन्स घेऊन आला,
मेलेल्याच्या नावावर दारूचे पैसे नकोत म्हणाला.
केरेन्झा नान्सने या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.
त्या दिवशी आत आली, पाद्र्याची मूठ मिटली.
‘त्याचं तो देईल.’

खडू पुसट होतो. लवडेने गिरवला,
मग तिच्या भाच्याने, मग कुणी कुणी.
बॉम्ब पडले त्या रात्री दर्शनी भिंत गेली,
पाटी खाली होती, पिंपांशेजारी, चादरीखाली.
शिलिंग बंद झाले.
मध्ये एका कंपनीने गालिचे घातले,
पाटी संडासाच्या वाटेवर टांगली.
तिथेही कुणीतरी गिरवत होतं.

आता सोमवारी मी गिरवते.
पाय मला जमत नाही, पक्षी बदकासारखा होतो.

परवा ट्रॉलरवरचं एक पोर,
आमची भाषा जेमतेम येणारं,
पाटीकडे बोट करून म्हणालं, हे मी देऊ?
नको म्हटलं. घड्याळ बघ, पळ.
त्याने स्वतःच्या पाइंटसाठी पाकीट काढलं.

राहू दे, म्हटलं. येशील तेव्हा दे.
आणि खडू शोधला.