एकास बारा

पत्र पुण्याहून आलं, आयुक्तालयाचं,
वर लाल शाईत ‘तात्काळ’,
खाली माझं पद. नाव नाही.
तीस दिवसांत अनुपालन अहवाल सादर करावा.
त्यातले एकवीस जिंतूरच्या टेबलावर
पेपरवेटखाली गेले.

तक्रार शहनाजबी पठाण यांची.
झेरॉक्सवाल्या पोराकडून लिहून घेतलेली,
‘अधिनियम’ दोनदा चुकलेला,
कलम मात्र बरोबर.

शाळेत पोचलो तर रॅम्प तयार.
सिमेंट ओलंच, त्यात कोंबडीची पावलं,
कठड्याला सुतळीनं बांधलेला झेंडू.
मुख्याध्यापक म्हणाले,
फोटो काढून घ्या सर, उजेड चांगलाय.

मी टेप काढला.
दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं,
तर तीच पुढं आली, सायकलच्या चाकांच्या खुर्चीत,
मामानं मानवतला वेल्डिंग करून दिलेल्या.
नाझमीन.
हजेरीपटावर तीन वर्षं रोज हजर.
वर्गात एकदाही नाही.

शून्याकडचं टोक धर, म्हणालो.
तिनं अंगठ्यानं दाबून धरलं,
नख पांढरं होईपर्यंत.
‘काय मोजायलेत सर?’
उतार.
‘कामून?’
नियम आहे. एक चढायला बारा चालायचं.
‘अन् व्हरांडा किती उंच हाय?’
साठ सेंटीमीटर.
तिचे ओठ हलले, थांबले.
‘सातशे वीस पाह्यजे की मग.
ह्ये तर दोनशे दहाच भरायलंय.’

बाराचा पाढा कुठं शिकलीस, विचारायचं धाडस झालं नाही.
शहनाजबीच म्हणाली, भाऊ घोकतो ओसरीवर,
ही आत लसूण सोलत ऐकती.

प्रपत्रात दोन रकाने. आहे. नाही.
मागच्या वर्षीची प्रत काढली, त्याआधीचीही.
‘आहे’पुढं बरोबरची खूण,
शेपूट लांब सोडलेली.
अशी शेपूट सोडायची सवय
मला डी.एड.पासून आहे.

चहा आला, त्यावर साय धरली.
मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले,
सर, तुमचे सातच महिने राहिलेत.
निधी आला नाही, वाळू मिळत नाही,
फिरत्या बाईंकडं चौतीस शाळा,
मंगळवारी एसटी चुकली की महिना गेला.
सगळं खरं होतं. तेही लिहिलं.
मग रॅम्पपुढं ‘नाही’.
विशेष शिक्षकापुढं ‘नाही’.
शौचालयाच्या दारात खुर्ची अडली, ‘नाही’.
आणि शेऱ्याला जिथं दोनच ओळी सोडलेल्या असतात
तिथं बारीक अक्षरात:
मागील दोन्ही वर्षांच्या खुणा माझ्या. न जाता केलेल्या.

वर गेल्यावर याचं काय होईल, ठाऊक नाही.
कदाचित दुसरं पेपरवेट.

बाहेर ती टेपचं टोक धरून तशीच बसलेली.
‘सोडू का सर?’
थांब, म्हणालो,
वर्गाचं दार राहिलंय.