पाच वाजता

एदिर्नेत, वासफी उस्तांच्या शिंपीदुकानाच्या माडीवर
नेबाहत एका वाक्यापाशी आठवडाभर बसली आहे.
कादंबरीचं दोनशे बारावं पान:
एक बाई, तापलेलं मूल, बाहेर दाटत चाललेलं वादळ.
मग नवा परिच्छेद, इंग्रजीतले चारच शब्द.
पाच वाजता ते 'ब्रेक' झालं.
ते म्हणजे काय, लेखिका सांगत नाही,
आणि लेखिकेला जाऊन अकरा वर्षं झाली.

इंग्रजीचं बरं आहे, तिला एक हातोडी पुरते.
तुर्कीत मात्र वस्तू पाहून हत्यार काढावं लागतं.

कप असेल तर किरमाक.
मनही किरमाक,
आणि शाळासुद्धा:
खालच्या इलगाजनं काल शाळा मोडली
म्हणजे दांडी मारून तो तुंजा नदीवर गेला,
ओल्या चपलांनी परत आला.

नोट मोडायची तर बोझमाक.
साखरपुडाही बोझमाक,
हे तिला शब्दकोशात पाहावं लागलं नाही.
अंगठी पोस्टानं गेली होती. पावती अजून आहे.

भर दुपारी लपून जर्दाळू खाल्ला
तर रोजा मोडला, पुन्हा बोझमाक.
संध्याकाळी तोफ झाल्यावर तोच जर्दाळू, तोच रोजा,
तर आचमाक. उघडला, सोडला.
मोडणं आणि सोडणं यांच्यात
एका तोफेच्या आवाजाएवढी जागा.

दिलेला शब्द तर तुर्कीत मोडतच नाही,
माणूस त्याच्याकडे पाठ करून वळतो.
शब्द तिथेच उभा, धडधाकट.

वादळ फुटलं असेल तर कोपमाक, ताणलेला दोरा तुटावा तसं.
आवाज फुटला असेल तर त्याला काटा येतो,
जेवणाचा काटा, दोन टोकांचा.
इलगाज जिन्यातून विचारतो, चहा आणू का,
'चहा' बापाच्या गळ्यातून, 'आणू का' पोराच्या.

तांबडं फुटलं असेल तर सोकमेक.
उसवणं.
ती खाली जाऊन उस्तांना विचारते,
पहाटे पाचला काय होत असेल?
उस्ता कोटाच्या अस्तरातून मान वर काढत नाहीत.
"पाचला मी उसवायचं काम करतो.
डोळे ताजे असतात, जुना टाका दिसतो."
तिनं लिहिलं: पहाट उसवली.
तीन दिवस ते वाक्य तिला आवडलं.

पण ते मूल.
त्याचा ताप.
ताप म्हणजे आतेश, आणि आतेश म्हणजेच आग.
ताप उतरला याला म्हणायचं आतेश द्युश्तू:
आग पडली.

किर्कलारेलीचं घर. ती सहा वर्षांची,
सेझाई तीन.
आई दारात आली, म्हणाली, आतेश द्युश्तू.
मावशीनं पदराशी धरलेलं पातेलं खाली ठेवलं,
सगळे भिंतीला टेकून हायसे झाले,
कुणीतरी घोरूसुद्धा लागलं.
मग थोड्या वेळानं आई पुन्हा दारात आली
आणि तेच दोन शब्द बोलली.
दुसऱ्या वेळी ती घराबद्दल बोलत होती.

नेबाहत पहाट खोडते.
लिहिते: पाच वाजता आतेश द्युश्तू.
प्रकाशनातली मुलगी फोनवर विचारेल,
ताप उतरला, एवढंच ना?
एवढंच, असं ती सांगेल.

खिडकीत आता उजाडलंय.
ते वाक्यात मावलं नाही, बाहेरच राहिलं,
मशिदीच्या शिशाच्या घुमटांवर, ओल्या चपलांवर.
खाली शटर वर जातं.
जिन्याच्या तोंडाशी येऊन उस्ता हाक मारतात,
नेबाहत हानिम, सकाळी सकाळी गिऱ्हाईक आलंय,
दोनशे लिरांची नोट आहे,
मोड मिळेल का?