किती विड्यांचं

कोणतं घेऊ, विचारतात.
मी पानं सांगत नाही, विड्या सांगते.

साखर पेठेत आठ जणी सूप मांडीवर घेऊन वळायच्या.
मी सातवी पास, म्हणून मी वाचायची,
माझा हजार त्या भरून द्यायच्या.

निळ्या पुठ्ठ्याचं प्रवासवर्णन सातशे विड्यांचं,
उन्हाळ्यात घ्या, हलकं आहे.
ती जाड कादंबरी नऊ हजारांची,
मधलं लग्न गाळा.
आम्ही गाळलं. नरसूबाई म्हणाली,
"असल्या लग्नाला कोण जातंय!"

हे वाळवीनं कुरतडलेलं मात्र
मोजता आलं नाही.
मध्येच सगळ्यांचे हात थांबले,
तंबाखू सुपातच.

शनिवारी माल कमी भरला.
कारखान्यातला मुनीम म्हणाला,
"पानं खराब निघाली का गं?"

यल्लूबाई म्हणाली, "नाही ओ.
एकच पान.
लई चांगलं निघालं."