तो आस

बुधवारी जेवणानंतर आमचा हस्तकलेचा तास.
वडिलांचे जुने शर्ट, पुढचे मागे करून घातलेले,
बटणं पाठीवर, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या.
लांबून वाटतं, पोरं उलटी चालत आलीत.

ग्रिम्सबीच्या आभाळाला नुसतं राखाडी म्हणायचं नसतं.
हे मला मेसीनं शिकवलं.
"यात आज थोडा पिवळा आहे, मिस. काल नव्हता."
ब्रशचं टोक पिवळ्याला टेकवते न टेकवते,
मीठ घालावं तसं, चवीपुरतं.

मला असं कुणी बघायला लावलं नव्हतं.
मिरजेच्या शाळेत चित्रकला म्हणजे
दोन डोंगर, मधून सूर्य,
नागमोडी नदी आणि काठावर नारळ.
मिरजेत कुठला आलाय नारळ?
पण साठ वह्यांत साठ नारळ,
आणि आभाळ निळं,
कारण डबीतला निळाच तेवढा उरलेला असायचा.

या सत्रात गाड्या करतोय.
स्ट्रॉ खोक्याला चिकटवा.
काडी स्ट्रॉमधून घाला.
चाक काडीला चिकटवा.
काडी आणि स्ट्रॉच्या मध्ये मात्र
थेंबभरसुद्धा डिंक नको, ऐकलं का सगळ्यांनी?
त्या काडीला इथे ॲक्सल म्हणतात. आपल्याकडे आस.
तो आस.
ती आस वेगळी.
काना-मात्रेचाही फरक नाही, नुसतं लिंग बदललं,
आणि दोन्ही मोकळी असली तरच
असं काहीतरी शहाणपणाचं मला सुचत असतं,
तेवढ्यात कात्स्परचा पाण्याचा मग सांडतो.

केडनची गाडी चालत नाही.
चारही चाकांवर डिंक,
ओघळून वाळलेला, सायीसारखा.
मी त्याच्याशेजारच्या खुर्चीवर बसते,
सहा वर्षांच्या माणसाच्या मापाची खुर्ची,
गुडघे हनुवटीला लागतात.
"केडन, ही पळणार कशी?"
"पळत नाही ती, मिस. उभी आहे."

मग मला गवत दिसतं.
चाकांभोवती हिरव्या कागदाची पाती,
एकेक सुटी कापलेली, काही वाळकी.
दाराच्या खालच्या कडेला नारिंगी, त्यावर तपकिरी,
त्यावर बोटानं पुसलेलं.
गंज खालून वर चढतो
हे त्यानं रोज शाळेला निघताना पाहिलेलं असणार.
काचेवर पिवळा चौकोन. नोटीस असावी.
"डॅड म्हणतो, ईस्टरनंतर."
कुठल्या ईस्टरनंतर, ते मी विचारत नाही.

शेवटची वीस मिनिटं चाचणी.
बाकाला फळी टेकवली, वरून एकेक गाडी सोडली.
सत्तावीस गाड्या धावल्या, भिंतीवर आपटल्या,
कात्स्परची हवेत उलटली,
वर्गात नुसता दंगा.
केडनची वरच्या टोकालाच राहिली.
उतारावर. जागची हलली नाही.
क्षणभर कुणाला काही सुचेना.
मग मेसी म्हणाली,
"हिचा ब्रेक सगळ्यात चांगला आहे."

माझ्या तक्त्यात दोन रकाने:
चाके फिरतात. चाके फिरत नाहीत.
गंजासाठी रकाना नाही.
गवतासाठी नाही.
मी दुसऱ्या रकान्यात खूण केली, खोटं कशाला लिहू,
आणि समासात बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं,
मराठीत,
म्हणजे ते कुणी वाचणार नाही.

घंटा झाल्यावर तो परत आला.
"मिस, स्ट्रॉ उरलाय का एखादा?"
"कशाला रे?"
"घरी."
एवढंच.
मी दिला.
तो खिशात घालायला गेला,
पण शर्ट उलटा, खिसा पाठीवर,
हात काही पोचेना.
दोनदा गोल फिरला स्वतःभोवती,
मग पाठ करून उभा राहिला माझ्यापुढे.