जावक क्रमांक २१४३

माझं काम सोपं आहे.
येतं ते आवक, जातं ते जावक.
तारीख, क्रमांक, विषय थोडक्यात.
पंचवटी, विभागीय कार्यालय, पहिला मजला,
बंद पडलेल्या पाण्याच्या मशीनशेजारची खिडकी.

सोमवारी २१४३ गेला.
'श्रीमती सोनूबाई लिलके यांचा
रामकुंडालगतचा विक्री परवाना रद्द करणेबाबत.'
आत लिहिलं होतं,
'सुनावणीत दिलेला खुलासा समाधानकारक नसल्याने.'
मी शिक्का मारला.
शाई जास्त झाली म्हणून टीपकागद दाबला.

सुनावणी बुधवारी होती.

बुधवारी ती पेठ रोडवरून दहालाच आली.
रबर लावलेल्या पावत्या, सतरा वर्षांच्या,
आणि गठ्ठ्यावर तिचा फोटो, काळे केस असतानाचा.
लोक गंगा घरी नेतात
त्या छोट्या बाटल्या विकते ती,
झाकणं वेगळ्या पिशवीत.
साहेब सिंहस्थाच्या बैठकीत.
सव्वाचारला शिपाई म्हणाला, झाली सुनावणी, जा आता.
हजेरीवर सही घेतली.
ती माझ्या खिडकीशी आली,
"झाली कशी? मी तर तोंडही उघडलं नाही."

सुनावणी.
त्यांनी सुनवायचं की तिचं ऐकायचं,
शब्दातच घोळ आहे,
आणि आमचं ऑफिस त्या घोळावर चालतं.

गंगापूरहून पाणी सोडायचं झालं
तर आधी भोंगा वाजतो,
गाडी फिरते घाटावर,
टपऱ्या हलवा, दोऱ्या सोडा.
सोनूबाईनं असे कितीतरी पूर पाहिलेत.
दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं
ते बघून ती बाटल्यांची पोती उचलते.
गुडघ्याला असलं तर अर्धी,
कमरेला असलं तर सगळी.
पाणी ऐकत नाही कुणाचं,
पण येतो म्हणून सांगून येतं.
आणि त्या मारुतीला निदान
दोन बाजूंना दोन तोंडं आहेत.

पंधरा दिवसांनी तिचा अर्ज आला,
भाचीच्या अक्षरात.
परवाना परत द्या, असं त्यात कुठेच नव्हतं.
'मला कधी ऐकलं
तो वार आणि ती वेळ लिहून द्यावी.
जावक नोंदीची नक्कल मिळावी.'

साहेबांनी बोलावलं. दार लोटायला सांगितलं.
"तारीख चुकून पडली असेल ना?
व्हाइटनर आहे का?"

होता. खणात होता.
झाकण उघडलं, वास आला, परत लावलं.
धाडस म्हणू नका याला.
२१४३ च्या खाली २१४४,
ड्रेनेजची तक्रार,
त्याखाली कुणाची तरी पेन्शन,
सगळे सोमवारचे.
एक वार पुसायचा तर
पूर्ण आठवडा पुसावा लागला असता,
आणि माझी निवृत्ती अकरा महिन्यांवर.
शिवाय तिचा चेहरा.
तो मी नंतर जोडलेला असू शकतो.

नक्कल दिली. दोन रुपये, पावतीसह.

अपील झालं. आदेश परत फिरला.
फेरसुनावणी काल झाली,
दार उघडं ठेवून.
ती वीस मिनिटं बोलली.
निम्मं बोलणं परवान्यावर,
निम्मं भलतंच,
नवरा कुठल्या पायरीवरून घसरला,
कुठल्या वर्षी झाकणं मिळेनाशी झाली होती.
साहेब दोनदा घड्याळाकडे बघून थांबले.
थांबले, एवढं मी सांगू शकतो.

जाताना तिनं विचारलं,
"नाही म्हणतील का हो?"
म्हणतीलही, मी म्हणालो.
ती पिशवी खांद्यावर घेत म्हणाली,
"म्हणू देत. पण आज म्हणतील ना, आधीच नाही."

निकाल अजून माझ्या टेबलावर आलेला नाही.
येईल तेव्हा
मजकूर मी नंतर वाचेन.