वाळूला पाणी

चाळीस वर्षं भुसावळच्या रेल्वे कचेरीत
खुर्च्यांच्या बैठका विणल्या,
जिवंत वेत पाहिला नव्हता.

सुपडूचा पोरगा केळीचा ट्रक घेऊन कारवारला गेला,
येताना ओल्या फडक्यात चार फळं.
बोराएवढी, अंगभर खवले.
वाळलं की मेलं, म्हणाला.

त्याच रात्री खवले सोलले, गर चोळून धुतला,
तेलाच्या डब्यात वाळू,
डबा परसातल्या केळीच्या बुडाशी.
पारा सेहेचाळीस. वर ओलं गोणपाट, दिवसातून दोनदा.
चार महिने काहीच नाही.
दुर्पता म्हणे, वाळूला पाणी घालणारा
गावात तुम्हीच एक.

मग एक पातं. गवत समजून
ती उपटणारच होती.

तीन वर्षं बुटकाच.
चौथ्या वर्षी त्यानं चाबकासारखी शेपटी काढली,
हवेत चाचपडत
आधी तिचं वाळतं लुगडं धरलं,
मग निंब.

लुगडं सोडवताना बोटं फाटली माझी.
माझ्याकडे वेत यायचा तो
गुळगुळीत, भारा बांधलेला.
काटे कोणी काढले,
कधी विचारलं नव्हतं.